आबाद आणि बेचिराख

(अमळनेरहून) मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय मिळालाय, 'देशाचे स्थैर्य आणि नागरिकांचे सुख'. ती 'स्थैर्य'पाशीच अडली. "दगडही स्थिर असतो, म्हणून तो सुखी का?" या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. जागतिक आनंद अहवाल पाहिला. 2018 पासून फिनलंड वर्षानुवर्षे पहिला आहे. अहवालात सुखाचा उलगडा सहा घटकांनी करतात : उत्पन्न, आधाराची माणसं, निरोगी आयुष्य, स्वातंत्र्य, दातृत्व आणि भ्रष्टाचार. स्थैर्य असा वेगळा घटक नाहीच. पाया पडलं की माझी आजी 'आबाद राहा' म्हणायची. स्थैर्य आणि सुख, दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्द तोच असेल का?

(शिरपूरहून) तोच. फारसीत आबाद म्हणजे वस्ती असलेलं, पिकतं, भरभराटीचं. खान्देशावर राज्य आधी फारुकी सुलतानांचं, मग 1601 साली अकबरानं त्यांचा असीरगड किल्ला घेतल्यावर मोगलांचं. त्यामुळे असे फारसी शब्द आपल्याकडे जमिनीच्या कागदांत मुरले. त्याचा उलटा शब्द बघा, बेचिराख. मुळात तो 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लावायलाही कुणी उरलं नाही असं गाव. 'राख' आपल्या कानानं नंतर घातली आणि अर्थ 'जळून खाक' असा झाला. महसुली कागदांत मात्र तो साधा शेरा आहे. मी नोकरीत असताना अशा एका गावाच्या शिवारात गेलो होतो. सर्व्हे नंबर जागच्या जागी होते, पडका मारुती होता, बुजलेली विहीर होती. माणूस नव्हता.

खान्देशानं हे भोगलंय. 1802 मध्ये होळकरांच्या फौजेनं मुलूख लुटला, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. पेरलेलं आपल्याच घरात येईल याची खात्री नसली की माणूस आधी पेरणं सोडतो, मग गाव सोडतो. देशाच्या स्थैर्याचा नागरिकाच्या सुखाशी संबंध मला इथे दिसतो. मुलीला हेच सांगा.

(शहाद्याहून) अर्थ मान्य, पण आबाद कुणासाठी हेही विचारा. 1818 नंतर इंग्रजांनी बंदोबस्त केला, 1825 मध्ये आऊट्राम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, वाटा शांत झाल्या. तरीही 1857 मध्ये भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले आणि 1858 मध्ये सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. सपाटीवरच्या शेतकऱ्याला जे स्थैर्य वाटलं, ते सातपुड्यातल्या माणसाला तसं वाटलं नव्हतं.

आणि आजचं सांगतो. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाड्यावर म्हातारी माणसं राहतात, काही घरांना कुलूप. कागदावर ते गाव आबादच असतं. पोरं शाळेच्या पटावर असतात आणि झोपतात मात्र कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत. या घरांना काय म्हणायचं?

(अमळनेरहून) मुलीला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. तिनं 'स्थैर्य' खोडून 'आबादी' लिहिलं, मग ऊसतोडीचं वाचल्यावर तेही खोडलं. आता भाषणाची सुरुवात तिनं अशी केलीय : 'संध्याकाळी गावात किती घरांत दिवा लागतो, ते आधी मोजूया.' बेचिरागचा मूळ अर्थ ती पुढच्याच वाक्यात सांगणार आहे. उच्चार 'ग'नंच करायचा ना?

(शिरपूरहून) 'ग'नंच. आणि दिवा कुणाचा, तेही तिला सांगू द्या.