बी विंगचा ग्रुप, जळगाव : न्यूयॉर्कचं विमान

काकू, बी-३०२: कोणी आहे का ग्रुपवर? पोऱ्याचं विमान रात्री १.३० ला मुंबईहून उडालं. तिकिटावर न्यूयॉर्क ७.५५ लिहिलंय. आता दुपारचे पाऊण वाजले. फोन नाही, मेसेज नाही. जीव थाऱ्यावर नाही.

सर, बी-१०४: काकू, ७.५५ ही तिथली सकाळ. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे आपले संध्याकाळचे ५.२५. प्रवासच जवळपास सोळा तासांचा आहे.

आप्पा, बी-२०१: सोळा कसे? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान वर गेलं की न्यूयॉर्कच खालून जवळ यायला पाहिजे.

नाना, बी-४०१: मोटर कोणी चालू ठेवली? टाकी वाहतेय.

सर: आप्पा, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेतच उडतं. उलट वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून येतात. जाताना समोरून लागतात, येताना पाठीमागून. म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी.

काकू: पण मोबाईलवर विमान आयर्लंडच्या पुढे समुद्रात थांबलंय. वीस मिनिटं झाली, हललंच नाही!!

ताई, बी-२०३: काकू, घाबरू नका. विमानाचा सिग्नल जमिनीवरच्या अँटेना पकडतात. भर समुद्रात अँटेना नसतात, म्हणून चित्र अडकतं. कॅनडाजवळ आलं की परत चालू लागेल.

आप्पा: पण पृथ्वी फिरते ना? त्याचं काय?

भाऊ, बी-३०४: आप्पा, मग जळगाव स्टेशनवर उडी मारा, धरणगाव आपोआप येईल 😄

आप्पा: मोठ्यांशी बोलायची ही रीत आहे का? मेंटेनन्स भरायच्या वेळी ही हुशारी कुठे जाते?

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला.

काकू: आणि अमेरिका पश्चिमेला, तर हे वर युरोपाकडे कशाला नेलं?

सर: नातीचा पृथ्वीगोल घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघितला, फोटो टाकतो. दोरा रशिया, फिनलंड, स्वीडन, आइसलंडवरून जातो. तीच सगळ्यात जवळची वाट, सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते. आपलं जळगाव-मुंबई रेल्वेने ४२० धरा, त्याच्या तीसपट.

ताई: सर, सध्या तशी जातच नाहीत ना? पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. मग अरबी समुद्रावरून वळून जातात.

सर: बरोबर. त्यामुळे काही अंतर वाढतं.

नाना: परत सांगतो, मोटर बंद करा. पाणी गच्चीवर आलंय.

वहिनी, बी-१०२: अहो, माझे ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घातलेत तिथे! आत्ताच सांगता?

नाना: पहिल्यांदाच सांगितलं होतं. वाचतं कोण? आणि गच्ची सगळ्यांची आहे.

वहिनी: दरवर्षी बिबडे खाताना ही आठवण होत नाही तुम्हाला.

सेक्रेटरी: मोटर बंद केली. वॉचमनला वर पाठवलाय, कापड आत ओढून घेईल.

आप्पा: पृथ्वीच्या फिरण्याचं उत्तर अजून पटलेलं नाही.

सर: आप्पा, संध्याकाळी खाली या. गोल घेऊन बसतो.

काकू: मग साडेपाचला फोन लावू का त्याला?

ताई: उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग सामान. सातपर्यंत थांबा. तोवर जेवून घ्या, सकाळपासून उपाशी असाल.