पिशवीतली खुडबुड : जिवंत कुर्ल्या (चिंबोऱ्या, खेकडे) चुलीवर चढेपर्यंत तुमच्या घरी कशा सांभाळतात?

तेरेखोल
काल लिफ्टमध्ये शेजारच्या काकांच्या हातातली कापडी पिशवी आपोआप हलली. काका मोबाइलमध्ये, मी पिशवीकडे बघतेय, आणि आतून तो आवाज. खर्र... खुट. वीसेक वर्षांनी ऐकला. बटण दाबायचं राहिलं आणि दोन मजले वर गेले.

माझं आजोळ आरोंद्याला, खाडीला लागून. भावकीतला एक मामा ओहोटीला जायचा आणि संध्याकाळी कुर्ल्या आणून द्यायचा, काथ्याने डेंगे (पुढच्या नांग्या) बांधलेल्या. रांधायच्या मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण तोवर मुंबईचे पाहुणे पोचायचे. म्हणजे रात्रभर त्या जगवायच्या. आजी त्यांना न्हाणीघराच्या कोपऱ्यात एकेक करून मांडायची, एकीवर एक नाही, आणि वर भिजवून पिळलेलं गोणपाट. झोपायच्या आधी एकदा पाण्याचा हबका, पहाटे एकदा. नव्या मामीने पहिल्याच वर्षी कौतुकाने बादली भरून आणली तर आजी ओरडली, "पाण्यात नको गो घालू, मरतली ती!" मामीला वाटलं सासू चेष्टा करतेय. पाण्यातला जीव पाण्यात मरेल कसा?

सकाळी आजी हजेरी घ्यायची. काडीने डोळ्यापाशी हलकं टोचायचं. डोळा आत गेला तर जिवंत. पाय लोंबत असतील आणि डोळा हलत नसेल तर ती कुर्ली थेट माडाच्या मुळात, कितीही मोठी असली तरी. आजोबा हळहळायचे, पण यात त्यांचं काही चालायचं नाही.

तुमच्याकडे काय करायचे ते लिहा. मराठी माणूस आणि खेकड्यांची टोपली हा विनोद कृपया नको.

उरणकर
पाण्यात टाकली की गेलीच समजा. आजी बरोबर. चिंबोरीचे कल्ले ओले असले की ती हवेतला प्राणवायू घेते. बादलीतलं पाणी साचलेलं, त्यातला प्राणवायू पाच-सहा चिंबोऱ्या बघता बघता संपवतात, आणि वर यायला जागा नाही. त्यात ते नळाचं गोडं पाणी, ही खाऱ्यातली. माझी आय एवढंच सांगायची, पान्यान नको ठेवू, वलं ठेव.

आम्ही फग (चिंबोऱ्या धरायचं जाळं) टाकतो खाडीत, कोंबडीची आतडी बांधून. ओहोटीला तिवरांत (खारफुटीत) गेलं तर आकडीने बिळातनं काढायची. पण खरं काम बांधणीचं. सैल राहिली तर टोपलीत एकमेकींचे पाय मोडतात, आणि मोडक्या पायाची आधी मरते. पाठीवर हलका पाय, सुतळी पुढून दोन्ही डेंग्यांवरून घेऊन मागे गाठ. जमलं की दहा सेकंदांचं काम. नाही जमलं तर बोट बघा.

पमाकाकू
तेरेखोल किती छान लिहिलंस गं. आमच्याकडे ह्यांनी एकदा फ्रिजच्या खालच्या खणात ठेवल्या, नुसत्या, झाकण नाही काही नाही. रात्री मी दूध काढायला उघडला तर दिव्याखाली आठ डोळे माझ्याकडे. दूध सांडलं. सासूबाई उठल्या, सासरे उठले, मुलगा म्हणतो मला पण बघायचंय. आता ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून भोकाच्या डब्यात ठेवते, तेही सकाळी आणल्या तर दुपारपर्यंतच. पोळ्या व्हायच्यात, नंतर लिहिते.

घासफूस
मी शुद्ध शाकाहारी आणि का वाचतेय माहीत नाही. पुण्यात पीजीमध्ये असताना रूममेट रत्नागिरीची. सुट्टीहून आली की बाथरूमचं दार बंद आणि त्यावर चिठ्ठी : 'आत मंडळी आहेत, दुसरं वापरा'. मालकीणबाईंना वाटलं मुलगे आणलेत. मोठं रामायण. दार उघडल्यावर कोण जास्त घाबरलं सांगता येत नाही.

भोरचा_बाब्या
हाहा मंडळी!!

आमचे वढ्याचे काळे खेकडे. तुमचं ते खारं पाणी, सुतळी काय नाय. मिरगाचा पाऊस झाला की राती बॅटरी घेऊन निघायचं, उजेड पडला की जागेवर थांबतंय, मागनं पाठीवर धरायचं. घरी मातीच्या घागरीत ओलं गवत आणि तळाला बोटभर पाणी, जास्त नाय. वर ताट आन ताटावर दगुड. आरामात तीन-चार दिस राहत्यात. गोड्या पाण्यातलं आहे ना ते, थोडं पाणी चालतं त्याला.

दगुड विसरला की सगळं घरभर. तांदळाच्या कणगीमागं एक आमचं आठवडाभर राहिलं होतं, धुणं धुवायच्या जागेवर रोज रातीला येऊन पाणी पिऊन जायचं. म्हणून टोपलीला झाकण लागत नाय म्हणणाऱ्यानं कधी खेकडं पाळलं नाय. (विनोद नको म्हणाल्या म्हणून विनोद नाय केला, माहिती दिली.)

आणि एक. मादीच्या पोटाखालचं झाकण उघडून बघायचं. वढ्याच्या खेकड्याची पिल्लं तिथंच असत्यात, अंड्यातनं खेकडंच होऊन निघतंय, मोहरीएवढं. तशी मादी आई परत सोडायला लावायची, कितीबी लांब असू दे, भर पावसात. आम्ही शिव्या देत जायचो.

तेरेखोल
@भोरचा_बाब्या पिल्लांचं माहीतच नव्हतं! खाडीची कुर्ली अंडी घेऊन समुद्रात जाते, पिल्लं आधी पाण्यात तरंगत मोठी होतात, त्यामुळे आम्ही पोटाखाली पिल्लं कधी पाहिलीच नाहीत.

डॉ_सांजवेळ
गोड्या पाण्यातले खेकडे नीट उकळा एवढंच सांगते. अर्धवट शिजलेल्यातून फुप्फुसात राहणारा जंत होऊ शकतो आणि खोकला बघून टीबी समजला जातो. 'निखाऱ्यावर जरा भाजून' वाल्यांनी लक्ष द्या. ओपीडी सुरू, येते नंतर.

कट्ट्यावरचा_गण्या
भोरकर जपून, घरात खेकडे पाळाल तर धरण फुटेल.

सावित्रीकाठ
@गण्या २०१९ ला चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं तेव्हा माणसं गेली. खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणणारे मंत्री, आणि खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात 'यांना अटक करा' म्हणणारे कार्यकर्ते, तेव्हा हसू आलं होतं खरं. पण आमचे पाहुणे आहेत त्या बाजूला. इथे नको.

कट्ट्यावरचा_गण्या
बरोबर आहे. मागे घेतो.

बाल्टिमोरची_बकुळ
आमच्या मेरीलँडमध्ये निळे खेकडे जिवंत, बुशेलच्या (इथलं एक मोठं माप) टोपलीने मिळतात. पहिल्यांदा आणले तेव्हा सासूबाई भारतातून आलेल्या होत्या, मालवणच्या. दुकानदाराने सांगितलं की वर ओलं पोतं टाका, गाडीत एसी लावा, खाली बर्फ ठेवला तर वितळलेलं पाणी साचू देऊ नका. सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ह्येका आमच्या गावात कोणी शिकवल्यान?" मग तासभर त्या दुकानदाराशी मालवणीत बोलत होत्या, तो इंग्रजीत. दोघांना सगळं कळत होतं.

इथले लोक मसाला भुरभुरून नुसते वाफवतात आणि लाकडी हातोडीने फोडतात. सासूबाईंनी एकदा खाल्ले, मग पाटा नाही म्हणून मिक्सरमध्ये बारीक पाय फिरवून सार केलं. मिक्सर गेला.

नवखा_स्वयंपाकी
सर्वांना नमस्कार. एक विचारायचं होतं. जिवंत उकळत्या पाण्यात टाकायचं माझ्याच्याने होत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून मग करतात ते खरं का? चव जाते का?

उरणकर
टाकूच नका. गरम पाण्यात धडपडताना चिंबोरी स्वतःचे पाय टाकून देते, मग रस सगळा पाण्यात. अर्धा तास खूप बर्फात ठेवा, गार होऊन सुस्त पडते. मग उलटी करून पोटाच्या झाकणाखाली सुरीचं टोक, एका दमात. लगेच साफ करून लगेच मसाल्यात. चव कशाला जाईल. पण फ्रीझरमध्ये विसरून दुसऱ्या दिवशी काढायची नाही हां.

बाल्टिमोरची_बकुळ
स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून लॉबस्टर जिवंत उकळायला कायद्यानेच बंदी आहे, आधी बेशुद्ध करावं लागतं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यातही खेकडे-लॉबस्टरांना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरलंय. नवखा, तुम्ही एकटे नाही.

घासफूस
पाट्यावर जिवंत ठेचणाऱ्या आमच्या रूममेटच्या आजीला हे कोणीतरी कळवा.

कोलंबीपुलाव
कुणाला तरी प्रवासाचं विचारायचं होतं वाटतं, की मीच आणतेय विषय? असो. सावंतवाडीहून रात्रीची गाडी. बाबांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात कुर्ल्या, ओलं गोणपाट, वर माडाच्या झावळीचे तुकडे. सीटखाली डबा. चिपळूणच्या पुढे समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "तुमचं काही सुटलंय का?" सुतळी कुरतडून एक बाहेर, चपलांच्या मधोमध डेंगे वर करून उभी. बाबांनी टॉवेल टाकून धरली. आजोबा म्हणाले, खाडीची आहे, समुद्राची असती तर रत्नागिरीलाच संपली असती. मग दोघांचं अमावास्येवरून जे सुरू झालं ते पनवेलपर्यंत.

आणि ते खरंच आहे. तीन ठिपक्यांचे समुद्रातले खेकडे काही तासच टिकतात, ते ताजे बघून त्याच दिवशी करायचे. ओल्या गोणपाटाचं कौतुक काळ्या-हिरव्या खाडीवाल्यांसाठी. आमच्या सोसायटीत एकीने समुद्राचे आणून गोणपाटात ठेवले, सकाळी सगळं फेकलं, आणि वर मला ऐकवलं.

पमाकाकू
आले. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ. आमच्याकडे कॅलेंडर बघूनच आणतात.

उरणकर
काकू, सगळे तसंच म्हणतात, गिऱ्हाईक पण तसंच मागतं. पण कात टाकलेली चिंबोरी कुठल्याही तिथीला पोकळच, कवच मोठं आणि आत पाणी. पोटाकडून शेवटच्या पायाजवळ अंगठ्याने दाबा. दबली तर ठेवून द्या. हातात जड लागली पाहिजे. तिथी बघा, पण दाबून पण बघा.

स्टेशनबाहेरची_पोर
लिहू की नको करत होते. माझी आई चिंबोऱ्या विकायची, स्टेशनच्या बाहेर. संध्याकाळी उरलेला माल घरी यायचा, कारण सकाळी पुन्हा तोच विकायचा. आमची एक खोली. खाटेखाली टोपली, त्यावर ओलं फडकं, आणि रात्री आई दोनदा उठून हात फिरवून बघायची. तुम्हाला सगळ्यांना तो आवाज गावची आठवण वाटतो. मला तो आवाज बंद झाला की भीती वाटायची, कारण मेलेला माल म्हणजे उद्याचे पैसे गेले.

ज्या ढिल्या वाटायच्या त्या आई पहाटेच वेगळ्या काढून लगेच शिजवायची. त्यामुळे आम्ही रोज चिंबोरी खाल्ली, पण एका डेंग्याची, पाय तुटलेली. पूर्ण आठ पाय आणि दोन डेंगे असलेली चिंबोरी ताटात पहिल्यांदा आली ती माझ्या लग्नानंतर, हॉटेलात. नवऱ्याला म्हटलं ही विकायची असते, खायची नाही. त्याला कळेना मी हसतेय का.

जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा भाव चांगला यायचा. शाळेची फी त्यातनं.

तेरेखोल
@स्टेशनबाहेरची_पोर लिहिलंत ते फार बरं केलंत. आई आहेत का?

स्टेशनबाहेरची_पोर
आहे ना. आता विकत नाही, पण बाजारात गेली की दुसऱ्यांच्या टोपलीवरचं फडकं वाळलंय म्हणून त्यांना ओरडते. भांडणं होतात.

पमाकाकू
त्यांना माझा नमस्कार सांग. आणि ढिल्या चिंबोऱ्यांचं त्या काय करायच्या, सार की सुकं?

स्टेशनबाहेरची_पोर
सार. सुक्याला मसाला जास्त लागतो काकू.

नवखा_स्वयंपाकी
ठाण्यात हमखास जिवंत कुठे मिळतील? रविवारी करावं म्हणतो. आणि वाटणात तिरफळ घालायचं का?

कोलंबीपुलाव
कोपरीला सकाळी लवकर जा. नऊनंतर गेलात तर राहिलेल्याच मिळतील.

पमाकाकू
तिरफळ बांगड्याला! कुर्लीला नाही.

बाल्टिमोरची_बकुळ
आमच्या सासूबाई घालतात हां काकू, चार दाणे, ठेचून.

पमाकाकू
मालवणच्या ना? मग विषयच संपला. आमच्या वेंगुर्ल्यात नाही घालत. नवखा, तू खोबरं-कांदा खरपूस भाजून घे, दोन लवंगा, धणे, आणि बारीक पायांचा रस काढून तो वाटणात घाल. रस गाळून घ्यायचा, कवचाचे तुकडे येतात. आंबटाला कोकम की चिंच ते तुझ्या घरच्यांना विचार, मी सांगितलं तर इथे अजून दोन पानं भांडण होईल.

भोरचा_बाब्या
आंबट घालत्यात व्हय खेकड्यात??