मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियातल्या रनचा (मेंढ्यांच्या चराऊ जमिनीचा) जुना नकाशा जुळत नाही

चराऊरान:
क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायच्या संगणकप्रणालीत) जुना नकाशा आजच्या जमिनीशी जोडणाऱ्या आठ खुणा दिल्या, तरी मेंढ्यांच्या रनच्या हद्दी तीन-चार किलोमीटर सरकतात. एक कडा बसवली की दुसरी पळते. उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

साखळीदार:
कुणाचा नकाशा, कुठल्या सालचा? खुणा कशावर दिल्यात?

चराऊरान:
टॉमस हॅमचा, 1851. पश्चिमेकडचा भाग. खुणा तळ्यांच्या काठांवर आणि घरांवर.

भूपट:
डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) तपासा. एजीडी66 आणि जीडीए94 या तिकडच्या जुन्या-नव्या डेटमांचाच घोळ असतो नेहमी.

साखळीदार:
त्या घोळानं जेमतेम 200 मीटर सरकेल, किलोमीटर नाही. आणि 1851मध्ये एजीडी66 कुठून आलं? खुणा बदला. तिकडची खारी तळी पावसावर फुगतात-आटतात, घरंही जागा बदलतात. ओढ्यांचे संगम घ्या, माउंट एलिफंटसारखे सुटे डोंगर घ्या.

जुनाकागद:
नकाशा कापडावर चिकटवलेला आहे का?

चराऊरान:
हो. त्यानं काय होतं?

जुनाकागद:
घडी पडावी म्हणून तुकडे करून, मध्ये फट ठेवून चिकटवतात. त्या फटीही तुम्ही जमीन म्हणून ताणताय. प्रत्येक तुकडा वेगळा कापा, तुकड्याला पाच-सहा खुणा द्या, पहिल्या घाताचं पॉलिनोमियल लावा, म्हणजे तुकडा न वाकता अख्खा सरकतो, फिरतो, ताणतो. थिन प्लेट स्प्लाइन ही दुसरी पद्धत नको, त्यात खुणांवर चूक शून्य दिसते आणि मधला भाग वाकतो.

गुंठेवारी:
जमीन मोजायची साखळी 33 फुटांची धरा. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तीच होती, 16 आण्यांची.

साखळीदार:
अहो, तिकडे गुंटरची, 66 फुटांची. 80 साखळ्यांचा मैल. तुमची लावली तर क्षेत्रफळ चौथाई होईल. शिवाय इथे साखळी विचारलीय कुणी?

गुंठेवारी:
पण मुद्दा तोच. आपल्याकडे सारा जमिनीवर, म्हणून शेत न् शेत मोजलं. तिकडे 1847च्या हुकुमानं भाडं मेंढ्यांवर: निदान 4000 मेंढ्या धरून 10 पौंड, पुढच्या प्रत्येक हजाराला अडीच पौंड. हद्द मोजायची गरज कुणाला?

साखळीदार:
हे मात्र खरं. 1848च्या सरकारी गॅझेटात रन मागणाऱ्या अर्जदारांनी स्वतःच हद्दी सांगितल्यात: खूण केलेली झाडं, नांगराचं तास, अमका ओढा. क्षेत्रफळही अंदाजाचं. नकाशावरची रेघ यापेक्षा पक्की असणार नाही.

पाणवठा:
मूळ लोकांच्या वस्त्या या नकाशात शोधू नका. त्यासाठी मूळ लोकांचा सरकारी मुख्य संरक्षक जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सनची 1841ची रोजनिशी बघा.

चराऊरान:
तुकडे केले. संगमांवर चूक 400 मीटरवर आली, पण हद्दी अजून जुळत नाहीत.

साखळीदार:
ओढ्याची हद्द ओढ्यावर बसवा. बाकीची तुटक रेघेनं काढा आणि तक्त्यात ‘अंदाजे’ लिहा. ओढून-ताणून जुळवू नका.

भूपट:
कुंपणं नव्हती का?

जुनाकागद:
तेव्हा क्वचितच. दिवसा मेंढके राखायचे, रात्री आपल्याकडच्या वाघुरीऐवजी (जाळीच्या कुंपणाऐवजी) हलत्या लाकडी चौकटींचा वाडा.

चराऊरान:
वाघुरीचं नंतर बघू. नकाशाच्या मापनपट्ट्यांपैकी झोन 54 की 55?

साखळीदार:
144 अंश रेखांशाच्या पश्चिमेला 54. दोन्हीकडे पसरत असेल तर व्हिकग्रिड, म्हणजे अख्ख्या व्हिक्टोरियासाठीची एकच पद्धत; क्यूजीआयएसमध्ये तिचा क्रमांक ईपीएसजी 7899.