परभणी ते फ्रँकफुर्ट: आई एकटी निघालीय, दोन वेगळी तिकिटं काढू का?

परभणीची_थोरली

नमस्कार. धाकटी बहीण फ्रँकफुर्टजवळ राहते, नोव्हेंबरात तिचं बाळंतपण आहे. आई (वय 64) एकटीच जाणार. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार. मराठी येते, हिंदी कामापुरती. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. व्हिसा आलाय, आता तिकिटाचं अडलंय. संभाजीनगर-मुंबई संध्याकाळचं एक तिकीट आणि मुंबई-फ्रँकफुर्ट रात्रीचं वेगळं तिकीट काढलं तर नऊ हजार वाचतात. मध्ये साडेचार तास मिळतात. पुरतील ना? आणि बाळंतिणीचं खाणं न्यायचंय. डिंकाचे लाडू, तूप, खोबरं, काळा मसाला. काय चालतं, काय नाही?

गोदाकाठ

साडेचार तास भरपूर झाले. मी असाच दोनदा गेलोय, काही अडचण आली नाही. काढून टाका तिकीट.

जालन्याचा_प्रवासी

ताई, नऊ हजारांसाठी हे करू नका. गोदाकाठ भाऊंचं दोनदा जमलं, माझंही चार-पाच वेळा जमलं होतं. मी रोलिंग मिलचे सुटे भाग पुरवतो, त्या निमित्तानं सतरा वर्षं जर्मनीला ये-जा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संध्याकाळचं विमान सकाळपासून दोन-चार गावं फिरून आपल्याकडं आलेलं असतं. सकाळच्या फेरीला अर्धा तास उशीर झाला की संध्याकाळपर्यंत तो वाढत जातो. 2017 च्या डिसेंबरात मी चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, बसून होतो आणि आम्हाला न्यायचं विमान अजून दिल्लीच्या धुक्यातच उभं होतं. मुंबईत उतरलो टर्मिनल 1 वर. बॅग येईपर्यंत पाऊण तास गेला. तिथून रस्त्यानं टर्मिनल 2 ला पोचलो तर काउंटर बंद झालेलं. आंतरराष्ट्रीय विमानाचं काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतं, आणि त्यापुढं इमिग्रेशनची रांग असतेच.

तिकिटं वेगळी होती, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी आलोच नाही. नुसतं जाण्याचं नाही, परतीचं तिकीटही आपोआप रद्द झालं. पहिला टप्पा चुकला की त्या तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे जातात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रात्री दोन वाजता नवं तिकीट काढलं, 61 हजार मोजून. जुन्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क नंतर मागितल्यावर परत मिळाले. ते मागावे लागतात, कुणी आपणहून देत नाही.

मी त्या रात्री हुज्जत घालू शकलो, कार्ड खिशात होतं, इंग्रजी येत होतं. तुमच्या आईंना त्या काउंटरसमोर एकटं उभं राहिलेलं डोळ्यांसमोर आणा. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, सगळा प्रवास असला तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची राहते. बॅगही बहुतेक वेळा थेट फ्रँकफुर्टला निघते. टॅगवर एफआरए (फ्रँकफुर्टचा कोड) लिहिलंय का, ते पहिल्याच काउंटरवर बघून घ्यायचं.

पण मला विचाराल तर मुंबईच कशाला? आपल्याकडं परदेश म्हटलं की पावलं मुंबईकडं वळतात. परभणी, नांदेड, लातूरवाल्यांना हैदराबाद सोयीचं पडतं. नांदेडहून सुमारे 280 किलोमीटर. हैदराबादहून फ्रँकफुर्टला लुफ्तान्साचं थेट विमान जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं, तुमच्या तारखांना आहे का बघा. शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावर, टर्मिनल एकच, त्यामुळं गावभर सामान ओढायला नको. परभणीहून रेल्वेनं आदल्या दिवशी जा, रात्रभर आराम करा, आणि तुम्ही स्वतः दारापर्यंत सोडा. त्यापुढं आई एकदा बसल्या की थेट लेकीकडंच उतरतील.

व्हीलचेअर मात्र बुकिंग करतानाच मागा, किमान 48 तास आधी तरी. पैसे लागत नाहीत. आईंना चालता येतं हे मला कळतंय, पण ती खुर्ची गुडघ्यांपेक्षा रस्त्यासाठी हवी. ढकलणारा माणूस सिक्युरिटी, इमिग्रेशन, गेट सगळं पार करून देतो. माझ्या आईला 2019 मध्ये खुर्चीत बसायचा फार संकोच वाटला होता, "मी काय आजारी आहे का" म्हणाली. फ्रँकफुर्टला उतरल्यावर त्या लांबच लांब वाटा बघून फोनवर म्हणाली, "बरं झालं रे, ऐकलं तुझं."

नांदेडची_मावशी

जालन्याच्या दादांचं पटलं. मी सासूबाईंना हैदराबादहूनच पाठवलं होतं. दोन गोष्टी सांगते. गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, पर्समध्ये मूळ पाकिटासकट ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. आणि एका जाड कागदावर बहिणीचं नाव, पत्ता, फोन, "मुलीच्या बाळंतपणासाठी आले आहे, परतीचं तिकीट आहे" असं जर्मन आणि इंग्रजीत लिहून द्या. उतरल्यावर अधिकारी विचारतातच. आमच्या सासूबाईंनी कागद पुढं केला, विम्याचे कागद दाखवले, झालं. आता तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यांचा फोटो काढतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसेही ताडून बघतात, ते आईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

जेवणाचंही आधी नोंदवा. नुसतं "व्हेज" लिहिलं तर कधी उकडलेल्या भाज्या येतात. एव्हीएमएल असा कोड असतो, म्हणजे आपल्यासारखं मसाल्याचं शाकाहारी.

परभणीची_थोरली

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, खुर्ची चालेल, पण तूप-खोबऱ्याचं काय ते विचार.

जालन्याचा_प्रवासी

सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल भरपूर, आपोआप तापून पेट घ्यायची भीती असते. जर्मनीत कुठल्याही दुकानात खोबऱ्याचा कीस मिळतो, कोकोसरास्पेल म्हणून मागायचा. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काही नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथं बिनमिठाचं लोणी चांगलं मिळतं, आईंनी तिथंच कढवावं. घरभर वास सुटला की बहिणीला माहेरी आल्यासारखं वाटेल. डिंक, सुंठ, खारीक इथून न्या आणि लाडू तिकडं वळा. काळा मसाला दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. त्यातही खोबरं घालतात, म्हणून यावेळचा बिनखोबऱ्याचा कुटा.

बॅग घरच्या अंदाजावर सोडू नका. मोंढ्यात ओळखीची आडत असेल तर तिथल्या काट्यावर तोलून घ्या. तिकिटावर 23 किलो असेल तर 22 ला थांबा.

परभणीची_थोरली

हैदराबादचं थेट तिकीट मिळालं, मुंबईच्या दोन तिकिटांपेक्षा चार हजार जास्त पडले. व्हीलचेअर आणि जेवण दोन्ही नोंदवलं. विमान 14 तारखेला रात्री 1.50 ला आहे, म्हणून 13 ला संध्याकाळी परभणीहून निघतोय.

जालन्याचा_प्रवासी

थांबा ताई! 14 तारखेचे रात्री 1.50 म्हणजे 13 च्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर लगेच. 13 ला रात्री दहापर्यंत तुम्ही शमशाबादला पोचलेल्या हव्यात. रेल्वे 12 ची करा. या तारखेत भलेभले फसलेत.

परभणीची_थोरली

बाप रे. आत्ता बदललं, 12 च्या गाडीचं कन्फर्म मिळालं.