प्राग: किल्ला वरून खाली बघा

प्रागमध्ये चार्ल्स पुलावरून किल्ल्यावर चढत जायचा मार्ग देखणा आहे, पण तुमच्यापैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर तो उलटा करा. २२ नंबरच्या ट्रामने 'प्राझ्स्की ह्राद' (म्हणजे प्रागचा किल्ला) थांब्यावर उतरलात की उत्तरेच्या दाराने फारशी चढण न लागता आत जाता येतं. मग नेरुदोवा रस्त्याने पुलाकडे उतरा. रविवारची सकाळ मात्र टाळा. प्रार्थनेमुळे सेंट व्हायटस कॅथेड्रल दुपारपर्यंत पर्यटकांना बंद असतं.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून चालत नाही. पहिल्यांदा चढताना, मेट्रोत फलाटावर जाण्याआधी, पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. तोही एकदाच. दुसऱ्यांदा शिक्का मारलात तर तिकीट बाद होतं आणि तपासनीस दंड लावतो. ७२ तासांच्या तिकिटालाही हाच नियम.

एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम वळवू का' विचारलं तर नाही म्हणा, दर वाईट पडतो.

१४१० सालच्या खगोलीय घड्याळात सकाळी ९ पासून दर तासाला प्रेषितांची, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या पुतळ्यांची, मिरवणूक बघता येते. त्या मिरवणुकीकडे बघताना खालचा सांगाडा नजरेतून निसटतो: एका हाताने तो घंटेची दोरी ओढतो, दुसऱ्या हातात वाळूचं घड्याळ.