रेट्रो सायकलला सिल्व्हर ड्रॉप हँडल: जुनं शोधायचं की नवं मागवायचं?

डायनॅमो: स्टीलची जुनी फ्रेम घेऊन रेट्रो सायकल बांधणारे हल्ली बरेच दिसतायत आणि सगळे एकाच ठिकाणी अडकतात, सिल्व्हर ड्रॉप हँडल, म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं चंदेरी हँडल. दुकानात जावं तर सगळं काळं, आणि तेही मध्ये जाड, 31.8 मिमीचं, जे जुन्या बारीक क्विल स्टेममध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत वरून उतरणारा, हँडल धरणारा भाग) जातच नाही. मग लोक जुन्या बाजारातून कुठल्यातरी सायकलवरून काढलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल उचलतात. माझं ठाम मत, हे करू नका, पैसे जास्त गेले तरी चालेल पण नवंच घ्या. जपानची निट्टो अजूनही सुंदर सिल्व्हर हँडलं बनवते. स्टीलवर ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते वर्षानुवर्षं टिकतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, ते प्रत्येक खड्ड्यागणिक थोडं थोडं थकत जातं. आधीच्या मालकाने सायकल कुठे आपटली होती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि हँडलवर गुंडाळलेल्या टेपखाली घामाने धातू खाल्लेला असतो तो टेप काढल्याशिवाय दिसत नाही. हँडल बहुतेक वेळा स्टेमच्या तोंडाशी तुटतं. उतारावर ब्रेक दाबताना सगळा भार तिथेच असतो.

पेडलमार: अजिबात पटलं नाही. जुनं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच हे कोणी सांगितलं? आपल्याकडे हीरो हॉकसारख्या ज्या देशी रेसिंग सायकली होत्या त्यांची ड्रॉप हँडलं क्रोम केलेल्या स्टीलची. खिशात लोहचुंबक घेऊन जा, चिकटला की स्टील. आतून गंजलंय का ते दोन्ही टोकांतून टॉर्च मारून बघा, स्टेम जिथे धरतो तिथलं क्रोम उडालंय का बघा, झालं. जपानहून मागवायचं तर किमतीवर कुरियर, त्यावर कस्टम, म्हणजे हँडल फ्रेमपेक्षा महाग. कॉलेजच्या पोराने मग सायकल बांधूच नये का? आणि इथल्याच सायकलीवर इथलंच हँडल असण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

डायनॅमो: स्टील असेल तर माझा विरोध बराच कमी होतो, चुंबकाचा मुद्दा मान्य. पण ती हँडलं जड आणि मला तरी अरुंद वाटतात, रुंद खांद्याचा माणूस दिवसभर त्यावर आखडून बसतो. दाखवायला बांधत असाल तर घ्या, रोज शंभरेक किलोमीटर मारायचे असतील तर नको.

उद्यमनगर: तुम्ही दोघंही उगाच लांबचा रस्ता धरताय. नवं काळं हँडल घ्या, कॉस्टिक सोड्यात ठेवून काळा थर काढा, बफिंगवाल्याकडून चकाचक करून घ्या. कोल्हापुरात बफिंग करणारे हवे तेवढे आहेत. धातू नवा, पैसे कमी, रंग सिल्व्हर.

व्हर्नियर: उद्यमनगर, याला माझा कडक विरोध आहे. कॉस्टिक सोडा काळ्या थरापाशी थांबत नाही, खालचं अ‍ॅल्युमिनियमही खायला लागतो, हायड्रोजन सुटतो तो वेगळाच, आणि हातावर उडाला तर कातडी जाते. बफिंगवाला हँडल नेमकं कुठे किती घासणार हे तुमच्या हातात नाही, स्टेमच्या पकडीतली जागा थोडी जरी बारीक झाली तरी हँडल फिरायला लागतं. काळा थर हा नुसता रंग नाही, अ‍ॅनोडायझिंग आहे, म्हणजे धातूवर मुद्दाम चढवलेला संरक्षक थर, तो गेला की उघड्या धातूवर घाम बसून महिनाभरात मळकट होतं आणि तुम्ही ब्रासो घेऊन बसता. एवढं करून 31.8 चं हँडल जाडच राहणार.

उद्यमनगर: पकडीच्या जागेवर आधीच टेप लावून ती सोडून द्यायची, एवढं कळतं हो बफिंगवाल्याला. आणि जाडीचं म्हणाल तर क्विल अ‍ॅडॅप्टर मिळतो, खाली फ्रेमच्या नळीत जाणारा भाग 22.2 मिमी, वर 28.6, त्यावर आजचा कुठलाही स्टेम बसतो.

व्हर्नियर: बसतो, पण मग बारीक फ्रेमच्या डोक्यावर एवढा मोठा गठ्ठा दिसतो, रेट्रोचा सगळा खटाटोप ज्या रूपासाठी केला तेच जातं. मी डायनॅमोच्या बाजूने. फक्त पैसे भरायच्या आधी स्वतःचा स्टेम मोजा. जुन्या स्टेममध्ये पकडीच्या जागेचे 25.4 मिमी, 26.0 आणि इटलीच्या चिनेली कंपनीच्या जुन्या स्टेमचं 26.4 असे प्रकार आहेत, निट्टोचं नूडल नावाचं हँडल 26.0 चं. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळणारे बघितलेत, कृपा करून तसं करू नका.

चेनकव्हर: घरी वडिलांची 28 इंची काळी सायकल आहे, दांड्याच्या ब्रेकची. तिला हे लावता येईल का?

पेडलमार: तिला हात लावू नका. त्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतात, रिमला बाजूने सपाट जागाच नसते, म्हणजे ड्रॉप हँडल लावलं की दांडे जाणार, मग रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर ब्रेक हवेत, त्यासाठी दोन्ही चाकं नवी. त्यापेक्षा वेगळी फ्रेम शोधा. आणि कोणतीही फ्रेम घ्या, सरळ हँडलचे ब्रेक लिव्हर ड्रॉपवर चढत नाहीत, तिकडे नळी 22.2 ची, इकडे 23.8 ची, त्याचा खर्च आधीच धरा. व्ही ब्रेक (चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब हात असलेले) असतील तर लिव्हर जास्त केबल ओढणारे घ्या, नाहीतर सायकल वेळेत थांबायची नाही. आता हेच सगळे पैसे जोडा आणि मग मला सांगा की त्यावर परत जपानचं हँडल घ्या म्हणून. मी अजूनही चुंबक घेऊन बाजारातच जाणार.