साइटवरचं वातावरण सुधारायला काय सुचवू?

साइटवाला_पुणे:
वाकडला टॉवरच्या साइटवर सिनियर इंजिनियर आहे. ज्युनियर पोरं टिकतच नाहीयेत. स्लॅब ओतायचा असला की रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळी आठला परत हजर व्हायचं, वर पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) लेबरसमोर आईबहिणीवरून बोलतो. एचआरने उपाय काय काढला तर शनिवारी योगा! आता हेड ऑफिसने सूचना मागवल्यात, खरंच फरक पडेल असं काय लिहू?

सेफ्टीवाली:
योगा राहू दे, आधी संडास बघा. आमच्याकडे बायकांना वरच्या मजल्यावरून पार लेबर कॅम्पात जायला लागायचं म्हणून त्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत आणि मे महिन्यात चक्कर येऊन पडायच्या. मधल्या मजल्यावर आतून कडी लागणारी दोन टॉयलेटं ठेवली, तेव्हा कुठे ते थांबलं. पन्नासच्या वर बायका असतील तर कायद्याने पाळणाघर पण द्यावं लागतं. पुण्यात तारा मोबाईल क्रेशेसवाले साइटवर चालवतात, विचारून बघा.

ठेकेदार_भाऊ:
मी लेबर ठेकेदार आहे, दुसरी बाजू ऐका. माझं बिल अडकलं की मी मुकादमावर ओरडतो आणि मुकादम बिगाऱ्यावर. खर्ची, म्हणजे लेबरची खर्चापुरती उचल, ठरल्या दिवशी मिळाली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि अमावास्येची सुट्टी कापायचा शहाणपणा करू नका, आमचे सेंटरिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत, उगाच वाद होतो. अजून एक, बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि त्यावर सही द्यायला सगळे टाळाटाळ करतात. बांधकाम खर्चावर कामगार कल्याणाचा १ टक्का सेस भरताच ना, मग सही द्यायला काय जातं??

दुबईकर_सिव्हिल:
इकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद, सरकारी नियमच आहे. पहाटे लवकर सुरू करतात, प्रोजेक्ट काय बुडत नाहीत.

बिल्डरचा_माणूस:
बोलायला सोपंय. रेराला (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) काम पूर्ण करायची तारीख देऊन बसलोय, ती कोण पाळणार?

साइटवाला_पुणे:
अहो पण उशीर ड्रॉइंग वेळेवर येत नाहीत म्हणून होतो, त्यात आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या जड वाहनांच्या बंदीच्या वेळेत अडकतात आणि त्याची भरपाई आमच्या झोपेतून. मी लिहितोय की रात्रीच्या स्लॅबला वेगळा इंजिनियर द्या, नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी या म्हणा. टॉयलेट, खर्ची, दाखला पण टाकतो. पण पीएमच्या तोंडाचं काय करू ते कुणी सांगितलंच नाही :)

सेफ्टीवाली:
सोडून जाणाऱ्या पोरांना राजीनाम्यात खरं कारण लिहायला सांगा. सगळे 'पर्सनल रीझन' लिहून जातात, मग हेड ऑफिसला वाटतं सगळ्यांच्याच घरी प्रॉब्लेम आहेत.